सामानाची यादी शेवटी, आधी पहिले सहा महिने

पत्र: "आम्ही खानापूर तालुक्यातले. मी जी.एन.एम. नर्स, नऊ वर्षं वॉर्डात काम केलंय. यांचं आय.टी.आय. इलेक्ट्रिशियनचं झालंय, उद्यमबागेत एका कारखान्यात मेंटेनन्स बघतात. मुलगी सात वर्षांची, मराठी शाळेत दुसरीत. आमच्या चर्चच्या मंडळीतर्फे तीन वर्षांसाठी उत्तर युगांडात, गुलूच्या पुढे एका मिशन दवाखान्यात सेवेला जायचं ठरलंय. फेब्रुवारीत निघायचं. दर महिन्याला काय काम झालं याचा रिपोर्ट पाठवा, असं कमिटीने सांगितलंय. सामान काय न्यावं? मलेरियाचं काय करायचं? मुलीच्या शाळेचं काय? सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या, गावात एकट्या राहणार, त्यांना काय सांगू? आणि एक, हसू नका. जन्म इथला असून आम्हाला कन्नड तोडकंमोडकंच येतं. मग तिकडची भाषा कशी यायची?"

ताई, हसण्यासारखं त्यात काही नाही. उलट अख्ख्या पत्रात तोच प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

तुमचं कन्नड तोडकंमोडकं का राहिलं ते तुम्हाला ठाऊक आहे. घरात मराठी, शाळेत मराठी, उपासना मराठीत. कन्नड लागलं ते बसच्या पाटीपुरतं, तहसीलच्या अर्जापुरतं, जमिनीच्या उताऱ्यापुरतं. तेवढ्यात भागलं, म्हणून तिथंच थांबलं. गुलूलाही नेमकं हेच होऊ शकतं. इंग्रजी ही युगांडाची सरकारी भाषा. डॉक्टर इंग्रजी बोलतील, दुकानदार इंग्रजीत भाव सांगेल आणि तीन वर्षं भागून जाईल. फक्त रात्री दोन वाजता आलेली बाळंतीण कुठे आणि कधीपासून दुखतंय ते इंग्रजीत सांगणार नाही.

गुलूच्या मुलखाची भाषा अचोली. ही सुरांची भाषा आहे, तोच शब्द वरच्या सुरात म्हटला की एक अर्थ, खालच्या सुरात दुसरा. म्हणून ती पुस्तकातून येत नाही, कानाने घ्यावी लागते. वही मात्र देवनागरीतच ठेवा. अचोलीचा 'च' रोमन लिपीत 'सी' या अक्षराने लिहितात, आणि इंग्रजीच्या सवयीने तुम्ही तो 'क' वाचाल. 'ङ' तर शब्दाच्या सुरुवातीलाच येतो. शाळेपासून बाराखडीत नुसता बसून असलेला आपला ङ तिथे एकदाचा कामाला लागेल. सूर चढता की उतरता, ते अक्षराच्या डोक्यावर पेन्सिलीने रेघ मारून दाखवा.

पद्धत साधी आहे, चिकाटी लागते एवढंच. रोज सकाळी दोन तास शिक्षकाबरोबर, मग एक तास बाजारात तीच वाक्यं वापरायची. दिवसाला पाच वाक्यं पुरेत, पण वाक्यंच, सुटे शब्द नकोत. ती शिक्षकाच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून घ्या आणि चूल पेटवताना ऐका. शिक्षक म्हणून इंग्रजी शिकलेला तरुण घेऊ नका, तुम्ही अडखळलात की तो दयेपोटी इंग्रजीवर येतो. प्राथमिक शाळेतल्या निवृत्त बाई मिळाल्या तर उत्तम. त्यांना ठरवून पैसे द्या. फुकट शिकवणारा दोन आठवड्यांत येईनासा होतो आणि त्यात त्याचा दोष नसतो.

पहिल्या दिवशी लागेल एवढं इथंच घ्या. सकाळी 'इचो माबेर?', म्हणजे नीट उठलात का? मग 'कोप आंगो?', काय खबर? त्यावर उत्तर 'कोप पे', खबर काही नाही, म्हणजे सगळं ठीक आहे. आभाराला 'आप्वोयो'. हे विचारल्याशिवाय थेट कामाचं बोलणं तिथं उद्धटपणाचं. नऊ वर्षं वॉर्डात काढलेल्या नर्सला हे जड जातं, कारण तिचा हात आधी नाडीवर जातो आणि तोंड नंतर उघडतं. आधी तोंड उघडायची सवय आत्तापासून लावा.

आता आमचं मुख्य म्हणणं. पहिले सहा महिने वॉर्डात ड्युटी घेऊ नका. त्या सहा महिन्यांत दोनच कामं, भाषा आणि घर लावणं. हे निघण्याआधी कमिटीकडून लेखी घ्या. तोंडी घेतलंत तर तिसऱ्या महिन्यात 'काम कधी सुरू?' असा फोन येणार आणि तुम्ही अपराधी वाटून वॉर्डात उभ्या राहणार. एकदा उभ्या राहिलात की भाषा संपली.

तसंही तुम्हाला लगेच काम करता येणार नाही. युगांडात परदेशी नर्सला तिथल्या नर्सेस अँड मिडवाइव्हज कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. सेवाभावाने, बिनपगारी करणार असलात तरी ती चुकत नाही. त्यासाठी बेंगळुरूच्या कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिलकडून तुमची नोंदणी चालू आणि निर्वेध असल्याचा दाखला लागेल. तो अर्ज या महिन्यात टाका. या कागदाला लागणारा वेळ हा भाषेचा वेळ आहे असं धरलंत तर कमिटीलाही पटवता येतं.

बेळगावच्या मंडळीला हे समजायला अवघड जाऊ नये. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेळगावात आले १८२० मध्ये, आणि त्या मिशनने इथलं काम मेथडिस्टांच्या हाती दिलं १९०४ मध्ये. मधली ८४ वर्षं परक्याचं अडखळतं मराठी आणि कन्नड ऐकणारी बाजू आपली होती. आता अडखळायची पाळी आपली. कमिटीच्या बैठकीत हा मुद्दा जरूर काढा, जुनी मंडळी मान डोलावतील.

घर लावणं म्हणजे काय, ते तासांत सांगतो. गॅस मिळतो, पण गुलूच्या पुढे सिलिंडरचा भरवसा नाही. म्हणून कोळशाची शेगडी, तिला तिकडे सिगिरी म्हणतात, चटकन लक्षात राहील. ती पेटून धग धरायला वीस-पंचवीस मिनिटं. घेवड्याच्या बिया रात्री भिजवल्या तरी कुकरशिवाय दोन तास. पाणी आणणं, उकळणं, गाळणं. धुणं हाताने, आणि त्यावर इस्त्री, जी तिथं टापटिपीसाठी नसते (त्याकडे येतोच). भाजी रोजची, कारण फ्रिज नाही. एका माणसाचे पाच-सहा तास यातच जातात. घरकामाला कुणी ठेवायला सेवेला गेलेल्या माणसाला संकोच वाटतो. ठेवा. तिथल्या दराने पगार, ठरलेली सुट्टी, आजारपणाची रजा. एका घराला उत्पन्न मिळतं आणि तुम्हाला दुसरी भाषाशिक्षिका. आणि शेगडी पेटती असताना खिडकी उघडीच हवी. थंड पावसाळी रात्री पेटती शेगडी झोपायच्या खोलीत आणणं म्हणजे विषारी वायूने झोपेतच जाणं.

पाण्याचं गणित तुमच्या यजमानांनी घालावं. छपराच्या एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. छप्पर ६० चौरस मीटर आणि महिन्याचा पाऊस १०० मिलिमीटर असेल तर ६,००० लिटर. गळती, उडणं आणि पहिलं घाण पाणी यांचे वीस टक्के वजा केले की ४,८००. तिघांना माणशी ५० लिटर धरले तर महिन्याला ४,५०० लागतात. म्हणजे पावसात जेमतेम जमतं. पण तिकडचा पाऊस खानापूरसारखा चार महिने धो-धो नसतो. साधारण एप्रिल ते नोव्हेंबर पसरलेला, मध्ये जून-जुलैच्या सुमारास ओढ देणारा, आणि डिसेंबर ते मार्च कोरडा. तुम्ही फेब्रुवारीत पोचणार, म्हणजे टाकीचा तळ दिसत असताना. ५,००० लिटरची भरलेली टाकीसुद्धा काटकसर करून दिवसाला १०० लिटरने पन्नास दिवसांत संपते, कोरडे दिवस एकशेवीस. तेव्हा दवाखान्याच्या बोअरवेलवरून रोज २० लिटरचे पाच जेरीकॅन कोण आणणार, हे जाण्याआधी विचारून घ्या. टाकीच्या पन्हळीला पहिला पाऊस बाहेर सोडणारा वळणपाइप हवाच. नसेल तर चार महिन्यांची धूळ, पाखरांची विष्ठा आणि पाली सगळं टाकीत.

पिण्याचं पाणी बुडबुडे फुटायला लागल्यावर एक मिनिट खळखळ उकळू द्या. पाच-दहा मिनिटं उकळण्याची आपली सवय कोळसा खाते आणि जास्त शुद्ध काही होत नाही. गढूळ असेल तर आधी सुती कापडातून गाळा. कँडलचा फिल्टर वापरणार असाल तर कँडलला केसाएवढी चीर गेली तरी ती नुसती शोभेची. चीर डोळ्याला दिसत नाही, ओल्या कँडलवर बोटाने टिचकी मारली की बद्द आवाज येतो. दोन कँडल जादा न्या, हातातल्या बॅगेत, साडीत गुंडाळून.

वीज. बॅटरी इथून नेऊ नका, विमानात घेणार नाहीत. राजधानी कंपालात किंवा गुलूत घ्या. १२ व्होल्ट १०० ॲम्पिअर-तासाच्या लेड-ॲसिड बॅटरीत १,२०० वॅट-तास असतात, पण वापरायचे निम्मेच. रोज खालपर्यंत उतरवली तर वर्षा-दीड वर्षात बसते. ६०० वॅट-तासांत काय बसतं? सात वॅटचे पाच दिवे चार तास म्हणजे १४०. पन्नास वॅटचा एक पंखा सहा तास म्हणजे ३००. लॅपटॉप आणि फोन मिळून साधारण १००. झाले ५४०. एवढं भरून काढायला पाच तासांचं ऊन आणि तीस टक्के नासाडी धरून साधारण १५५ वॅटचं पॅनेल लागतं, २०० चं घ्या. इस्त्री, किटली, मिक्सर यांना या यंत्रणेत जागा नाही. मिक्सरची मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढते आणि लहान इन्व्हर्टर तिथंच बंद पडतो. यजमानांना हे माहीत असणार, पण आजूबाजूच्या घरांतून 'आमचं बंद पडलं, बघता का' अशी बोलावणी येतील, तेव्हा दहांतल्या आठांचं कारण हेच निघेल किंवा बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरऐवजी नळाचं पाणी गेलेलं असेल. दाब २४० व्होल्ट, आपली उपकरणं चालतात. पिना तेवढ्या चपट्या तीन, ब्रिटिश पद्धतीच्या. अडॅप्टरची माळ करण्यापेक्षा तिकडचे प्लग घेऊन वायरीला बसवा.

आता तब्येत. यलो फिव्हरची लस सक्तीची. ती सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते, साध्या दवाखान्यात नाही. बेंगळुरू किंवा मुंबईची वेळ आधी ठरवून घ्या. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि उघडलेली कुपी काही तासांतच संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक वारांनाच बोलावतात. सर्टिफिकेट लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य आणि २०१६ पासून आयुष्यभरासाठी. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी सांगा. मूळ पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा, परत भारतात येताना तेच दाखवायचं आहे. ते नसेल तर विमानतळावरून थेट सहा दिवस वेगळं ठेवतात.

मलेरिया तिथं बारमाही असतो, आणि तो फाल्सिपेरम जातीचा, अंगात भिनला तर दोन दिवसांत मेंदूपर्यंत जाणारा. तिथं वाढलेल्या मोठ्या माणसांच्या अंगात थोडी तरी प्रतिकारशक्ती तयार झालेली असते, तुमच्या तिघांच्या अंगात काहीच नाही. म्हणून 'इथले लोक तर गोळ्या घेत नाहीत' हे वाक्य कानामागे टाका. प्रतिबंधाच्या गोळ्यांत क्लोरोक्विन तिथं चालत नाही. डॉक्सिसायक्लिन रोज घ्यायची, पण आठ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत, म्हणजे तुमच्या मुलीला नाही. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, मात्र फिट येणाऱ्याला किंवा मानसिक आजार झालेल्याला नको, आणि निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करायची, म्हणजे वाईट स्वप्नं, चक्कर असं काही व्हायचं ते इथंच कळतं. कुणाला काय ते वजन बघून डॉक्टर ठरवतील. तुम्ही नर्स आहात म्हणून मुलीचा डोस स्वतः ठरवू नका.

मच्छरदाणी औषध लावलेली हवी आणि गादीखाली खोचलेली. नुसती लोंबणारी दाणी म्हणजे डासांना आत कोंडणं. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणजे संध्याकाळची प्रार्थना व्हरांड्यात असेल तर पायात मोजे. ताप आला की चोवीस तासांच्या आत तपासणी, 'उद्या बघू' नाही. निदान झालं तर आर्टिमेथर-ल्युमेफॅन्ट्रिनचे सहा डोस तीन दिवसांत, पहिल्यानंतर आठ तासांनी दुसरा, मग सकाळ-संध्याकाळ. यात दोन चुका नेहमी होतात. तिसऱ्या डोसाला ताप उतरतो आणि माणूस उरलेल्या गोळ्या 'पुढच्या वेळेला' ठेवतो. दुसरी, उपाशीपोटी घेतो. या औषधाला स्निग्ध पदार्थ लागतो, नाहीतर ते पुरेसं अंगात शोषलं जात नाही. चमचाभर शेंगदाण्याचा कूट किंवा कपभर दूध चालतं. आणि सुट्टीवर बेळगावला आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य 'आम्ही युगांडाहून आलोय' हे सांगा. नाहीतर इथं डेंग्यू आणि टायफॉइड शोधण्यात दोन दिवस जातील.

आता इस्त्री. तिकडे एक माशी ओलसर कपड्यांवर अंडी घालते, मँगो फ्लाय म्हणतात तिला. तो कपडा अंगात घातला की अळी कातडीत शिरते आणि गळवासारखी गाठ येते. म्हणून बाहेर वाळलेला प्रत्येक कपडा दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री करायचा, परकराची नाडी, इलॅस्टिक, शिवणी, टॉवेल, चादर, काहीही सोडायचं नाही. ते जमत नसेल तर जाळी लावलेल्या खोलीत वाळवा. कोळशाची इस्त्री तिथं सर्रास मिळते. दुसरा त्रास मातीतल्या पिसवेचा, ती अनवाणी पायात, नखांच्या कडेला शिरते. मुलीला कितीही हट्ट केला तरी बंद बूट. नाईलच्या किंवा तळ्याच्या संथ पाण्यात पाय बुडवून बसणं नाही, बिल्हार्झिया नावाच्या रोगाचे जंतू कातडीतूनच शिरतात.

आणि तरीही परदेशी माणसाला सगळ्यांत मोठा धोका रोगाचा नसतो, रस्त्याचा असतो. तिथल्या भाड्याच्या मोटारसायकलींना बोडा-बोडा म्हणतात, एकीवर चौघं बसलेले दिसतील. तुम्ही मात्र तिघांची तीन आय.एस.आय. हेल्मेटं इथून न्या, मुलीच्या मापाचं तर नक्कीच. कंपाला ते गुलू सुमारे ३३० किलोमीटर, हा रस्ता अंधारात करायचा नाही, गाडी चुकली तर मुक्काम. मोठ्या आजारात किंवा अपघातात हवाई रुग्णवाहिकेची सोय आधी काढून ठेवा. नैरोबीची ॲमरेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही १९५७ पासूनची संस्था वर्षाच्या वर्गणीवर ती देते. वर्गणी मंडळीच्या खर्चात धरा, तुमच्या हातखर्चात नाही.

कागदपत्रांत बेळगावकरांची एक खास अडचण आहे. शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी अधिकृतपणे बेळगावी झालं. त्यामुळे जुन्या पासपोर्टवर आणि तुमच्या नर्सिंगच्या दाखल्यावर 'बेलगाम', आणि नव्या पोलिस दाखल्यावर, मुलीच्या जन्मदाखल्यावर 'बेळगावी'. कंपालाच्या कारकुनाला ही दोन गावं वाटतात आणि फाइल बाजूला पडते. दोन्ही नावं एकाच गावाची असल्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरी करून चार प्रती ठेवा. नावांचंही तेच, लग्नाआधीचं आडनाव, वडिलांचं नाव की नवऱ्याचं, सगळ्या कागदांवर एकसारखं आहे का ते आज टेबलावर मांडून बघा. नुसता कन्नड असलेला कुठलाही दाखला इंग्रजी भाषांतरासह. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट खात्याकडून, पण फार आधी काढू नका, तो शिळा झाला तर परत काढायला लावतात. टुरिस्ट व्हिसावर जाऊन काम सुरू करू नका, कुणी 'सगळे असंच करतात' म्हणालं तरी. मिशनरी आणि स्वयंसेवकांसाठी वर्क परमिटचा वेगळा वर्ग आहे, जी-१, त्याचा अर्ज दवाखान्याने करायचा. मुलीला तुमच्यावर अवलंबून असल्याचा पास लागतो. पोचल्यावर कंपालातल्या भारतीय उच्चायुक्तालयात नाव नोंदवा.

पैशाबद्दल थोडक्यात, पण लक्ष देऊन. मंडळीच्या ट्रस्टने परदेशात केलेल्या खर्चाला आयकरातली सवलत साधारणपणे मिळत नाही, त्यासाठी आधी मंजुरी लागते. म्हणून खजिनदारांनी चार्टर्ड अकाउंटंटला विचारल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. तुमचं बँक खातं एन.आर.ओ., म्हणजे अनिवासी भारतीयांचं, करावं लागेल का, ते शाखेत विचारा. लोक देणगी कबूल करतात रुपयांत, तुम्ही खर्च करता शिलिंगात आणि सरकारी फी भरता डॉलरमध्ये, म्हणजे दर घसरला की झळ तुम्हाला. पहिल्या वर्षी पाकिटं भरून येतात, दुसऱ्या वर्षी कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचं घरबांधणं, आणि पाकिटं गळतात. तेव्हा तिघांची परतीची तिकिटं आणि तीन महिन्यांचा खर्च एवढी रक्कम निघण्याआधी वेगळ्या खात्यात पडलेली असल्याशिवाय विमानात बसू नका. तिथला रोजचा व्यवहार मोबाइल मनीवर चालतो. पिन कुणालाही नाही, दवाखान्यातल्या विश्वासू माणसालाही नाही.

दारात पैसे मागायला लोक येतील, खरी गरज घेऊन येतील. इथं एक गोष्ट समजून घ्या. युगांडात भारतीय म्हणजे दुकानदार ही ओळख पिढ्यांची आहे. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला, पुढे बरेच परतले, आजही मोठी दुकानं त्यांच्याकडे आहेत. त्यामुळे तुम्ही मिशनरी आहात यावर आधी विश्वास बसणार नाही आणि तुमच्याकडे पैसा नाही यावर तर मुळीच नाही. दारात उभ्याउभ्या कधीही हो किंवा नाही म्हणू नका. 'दोघं बोलून उद्या सांगतो' हे पहिलं पाठ करायचं अचोली वाक्य. मदत करायची ती तिथल्या मंडळीच्या वडीलधाऱ्यांना विचारून, त्यांच्या हातून.

मुलीची शाळा. तिकडचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं आणि डिसेंबरच्या सुरुवातीला संपतं, तीन सत्रांचं, म्हणजे तुमची वेळ नेमकी जुळते. खेड्यातल्या सरकारी शाळांत पहिली ते तिसरी स्थानिक भाषेत शिकवतात, चौथीपासून इंग्रजी. आमचं मत विचाराल तर निदान पहिलं वर्ष तिला त्या शाळेत घाला. सहा महिन्यांत ती तुमच्यापुढे जाईल. पण मग रुग्णाशी किंवा पैशांच्या बोलण्यात तिला दुभाषी करू नका, पोरीच्या कानावर पडू नये असं खूप काही त्या बोलण्यात असतं. घरी रोज अर्धा तास मराठी वाचन. आणि कन्नडची पहिली-दुसरीची पुस्तकं नक्की न्या. कर्नाटकात शाळेत कन्नड सक्तीचं आहे, त्याचा कायदा २०१५ चा. तीन वर्षांनी ती परतेल तेव्हा पाचवीच्या वर्गात बसेल, आणि तिथं मुळाक्षरांपासून सुरुवात करणं पोरीच्या जिवावर येईल. तुम्हालाही तिच्याबरोबर शिकता येईल, ते तोडकंमोडकं जरा सुधारेल.

रिपोर्ट दर महिन्याला एक पान, त्यापेक्षा मोठा नको. या महिन्यात काय शिकलो, काय अडलं, कशासाठी प्रार्थना हवी. पहिल्या सहा महिन्यांत 'दोनशे वाक्यं येतात, टाकीला वळणपाइप बसला' एवढंच लिहायचं असेल तर तेवढंच लिहा. रुग्णांचे फोटो, नावं, आजार यांतलं काहीही पाठवू नका. उघड्या अंगाच्या पोराचा फोटो बेळगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो, आणि फिरत फिरत गुलूत परत येतो.

सासूबाईंना काय सांगायचं, यापेक्षा त्यांच्यासाठी कोण काय करणार हे कागदावर हवं. वीजबिल हेस्कॉमला कोण भरणार, रेशन कोण आणणार, पेन्शन असेल तर हयातीच्या दाखल्याला कोण नेणार, रात्री छातीत दुखलं तर कुणाची गाडी. चार कामांना चार नावं, त्यांच्या तोंडून 'हो' घेतलेली. मंडळीतला एकच माणूस सगळ्याला पुढे करू नका, तो दमतो. बँकेसाठी आणि जमिनीच्या कामासाठी मुखत्यारपत्र करून ठेवा. भारताचं घड्याळ युगांडाच्या अडीच तास पुढे. आपल्याकडे रात्रीचे आठ म्हणजे तिकडे साडेपाच, अजून उजेड असतो, फोनला ती वेळ चांगली. वार ठरवून घ्या, रोज नको. रोजचा फोन एके दिवशी लागला नाही की त्या रात्रभर जागतात. तिथं कुणी वेळ सांगितली तर मात्र दोनदा विचारा. अनेक ठिकाणी सकाळी सातला पहिला तास धरतात, 'तीन वाजता या' म्हणजे सकाळी नऊला.

राहिली यादी. तूर, तीळ, शेंगदाणे, ज्वारी यांतलं काही नेऊ नका. हे सगळं उत्तर युगांडात पिकतं, तुरीला तिथं लापेना म्हणतात, तीळ-शेंगदाण्याची चटणी तर त्यांच्या रोजच्या जेवणातली आहे. तिथलं ज्वारीचं पीठ आपल्यापेक्षा तांबूस आणि थोडं तुरट असेल, भाकरीला उकळतं पाणी घालून मळा, नाहीतर कडेला चिरते. मसाल्याचं सामान कंपालात भारतीय दुकानांत मिळतं. न्यायचं ते हे: पाच लिटरचा कुकर, त्याच्या तीन रिंगा, दोन शिट्ट्या आणि दोन सेफ्टी व्हॉल्व्ह, कारण रिंग फाटली की कुकर म्हणजे नुसतं पातेलं. लोखंडी तवा. यांचा मल्टिमीटर, टेस्टर, पक्कड, सोल्डरिंग गन. तुमचा बीपीचा पट्टा आणि स्टेथोस्कोप. चष्म्याचे दोन जोड. रोजची औषधं तीन महिन्यांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ पाकिटात. मराठी बायबल आणि गीतांचं पुस्तक. कांदा-लसूण मसाला एक किलो, दोन पिशव्यांत सील करून. भाजीचं बी मुळीच नाही, विमानतळावर अडवतात. मंडळी निरोपाला डबे भरून खाऊ देईल. त्यातला गोकाकचा करदंट ठेवा, तो महिनाभर टिकेल. कुंदा निघण्याच्या रात्री घरीच संपवा.